आठ बिंदू, दहा चित्रं

माझ्या नाकावर राग असतो हे घरच्यांना ठाऊक आहे, मित्रांना ठाऊक आहे, आणि कोलकात्याच्या त्या संस्थेत खडू-डस्टर देणाऱ्या कारकुनालाही दोन महिन्यांत कळलं होतं. पीएच.डी.नंतरची फेलोशिप घेऊन मी तिथे होतो. मे महिन्यात संस्थेत दोन आठवड्यांची उन्हाळी शाळा भरली आणि मला ट्युटर म्हणून नेमलं. शाळा म्हणजे लहान मुलांची नव्हे. देशभरातून आलेले चाळीसएक संशोधक विद्यार्थी, सकाळी दोन व्याख्यानं, दुपारी उदाहरणं सोडवण्याचा तास. व्याख्यानं आमच्या गटाचे प्रमुख द्यायचे. साठीचे बंगाली गृहस्थ, आवाज कधी न चढवणारे, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. दुपारचा तास माझा.

विषय होता ट्रॉपिकल भूमिती आणि वक्ररेषांची मोजणी. 'ट्रॉपिकल म्हणजे उकाड्याची का हो?' हा विनोद पहिल्या दिवशी निदान दहा जणांनी केला आणि दहाही वेळा मी हसलो नाही. नावाचा आणि हवेचा काही संबंध नाही. ते कुण्या ब्राझीलच्या गणितज्ञाच्या मानार्थ ठेवलेलं नाव आहे.

विषय थोडक्यात सांगायलाच हवा, कारण पुढची सगळी भानगड त्यावर उभी आहे. दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते, हे आपण शाळेत शिकतो. तसंच कागदावर आठ बिंदू घेतले आणि त्यांतून जाणाऱ्या एका ठरावीक जातीच्या त्रिघाती वक्ररेषा मोजल्या, तर त्या बारा भरतात. बिंदू कुठेही घ्या, अगदीच एका ओळीत वगैरे नसले की झालं, उत्तर बारा. पण त्या बारा वळणदार रेषा प्रत्यक्ष शोधून काढणं महाकठीण. म्हणून ट्रॉपिकलवाले वेगळी वाट धरतात. वळणदार रेषेच्या जागी काटक्या जोडून केल्यासारखं, पट्टी-पेन्सिलने काढता येईल असं चित्र घेतात. अशा प्रत्येक चित्राला एक वजन असतं, एक, तीन किंवा चार. त्या चित्रामागे खऱ्या वक्ररेषा किती, ते वजन सांगतं. सगळी चित्रं काढायची, वजनांची बेरीज करायची, ती बारा यायला हवी. बिंदू हलवले की चित्रं बदलतात, कधी कधी चित्रांची संख्याही बदलते, पण बेरीज तीच राहते. त्या दोन आठवड्यांचं मुख्य प्रमेय हेच होतं, आणि ते मी स्वतः वर्गाला तीनदा समजावून सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी प्रोजेक्टर चालेना. सुरू व्हायचा, निळा पडदा दाखवायचा, बंद पडायचा. मी खाली वाकून वायर काढली, घातली, पुन्हा काढली, आणि तोंडातून निघालं, "च्यायला या डबड्याच्या!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मराठी का?"

बघतो तर चाळिशी ओलांडलेल्या एक बाई. सुती पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर जाड भिंगं, पुढ्यात वही, कंपास, फूटपट्टी आणि आलेखाच्या कागदांचा गठ्ठा. बाकीच्या मुलांपुढे लॅपटॉप आणि टॅब. मी लाजून हो म्हणालो. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "शिव्या तरी कळतील."

दुपारच्या सुट्टीत मी त्यांना काकू म्हणालो. त्यांनी डब्याचं झाकण उघडता उघडता थांबवलं. "काकू म्हणालास तर डबा बंद." मग ताई ठरलं. वर्गात त्या मला इतरांसारखं सर म्हणायच्या, बाहेर आल्या की 'अरे'. मला कँटीनमधला माशाचा वास सोसत नव्हता आणि भाजी म्हणून जे मिळायचं त्यात साखर असायची. ताई दोन पोळ्या जास्तीच्या आणू लागल्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही, पोळ्या येतात म्हणजे खायच्या असं मी धरून चाललो.

ताई अकोल्याच्या. एम.एस्सी.ला पहिल्या आलेल्या. नवरा बँकेत अधिकारी, म्हणजे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. नागपुरात पीएच.डी.ला नाव घातलं, बदली बडोद्याला. बडोद्यात दुसरे मार्गदर्शक शोधले, वर्षभर काम केलं, बदली पाटण्याला. मध्ये मध्ये जिथे मिळेल तिथे ज्युनियर कॉलेजात शिकवलं. मुलगी मोठी झाली, बंगळूरला नोकरीला लागली, आईशी निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलते. आता तीन वर्षांपासून कोलकात्यात, बेहाला भागात.

"आणि इथली मुदतही संपत आली," त्या म्हणाल्या. "पण या वेळी आमचं ठरलंय. यांची बदली झाली तर हे एकटे जातील. मी इथे थांबणार. फक्त ती जागा मिळायला पाहिजे."

ती जागा म्हणजे अर्धवेळ पीएच.डी.ची. नोकरी करणाऱ्या किंवा बाहेरून येणाऱ्या माणसासाठी संस्थेत वर्षाला एकच जागा असायची आणि त्या वर्षीचा विद्यार्थी सर स्वतःकडे घेणार होते. अर्ज आधीच गेले होते, त्यांतले तिघे या उन्हाळी शाळेत बसले होते. शाळेच्या शेवटच्या दिवशी सर नाव सांगणार होते. ताई त्या तिघांत होत्या. सगळ्यांत वयाने मोठ्या, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत हळू.

हळू होत्या हे खरंच. बाकीची मुलं एखादी कृती शिकली की धडाधड उत्तर काढायची. ताई प्रत्येक गोष्ट आलेखाच्या कागदावर काढून बघायच्या. पेन्सिलीला टोक करायच्या, पट्टी लावायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या. मला बघून गुदमरायला व्हायचं. एकदा मी म्हणालो, "ताई, प्रत्येक वेळी काढून कशाला बघता? प्रमेय आहे ना."

"मला दिसल्याशिवाय पटत नाही रे," त्या म्हणाल्या. "आणि कॉलेजातल्या पोरींना मी हेच सांगत आले. काढा आणि बघा."

दुपारच्या तासाची सरांनी घालून दिलेली एक रीत होती. फळ्यावर जो उभा आहे त्याला शेवटपर्यंत बोलू द्यायचं. तो खडू आपणहून खाली ठेवेपर्यंत कुणी टोकायचं नाही, ट्युटरने तर नाहीच. चूक असली तरी ती पूर्ण होऊ द्यायची, मग विचारायचं. सर म्हणायचे, अर्धवट चूक बघून काही कळत नाही. मला ही रीत मनातून पटली नव्हती. चाळीस माणसांचा वेळ एकाच्या चुकीवर का घालवायचा, असं माझं मत. पण सर स्वतः मागच्या बाकावर बसलेले असत, त्यामुळे मी पाळत होतो.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सरांना कुठल्याशा बैठकीला जायचं होतं आणि वर्ग पूर्णपणे माझ्या हातात होता. त्या दिवशीचं उदाहरण, पहिल्या आठवड्याच्या शेवटी वाटून दिलेलं, म्हणजे हेच आठ बिंदू. बिंदू मी निवडले होते. एकेक बिंदू आधीच्यापेक्षा कित्येक पट उंच, आठवा तर पार आभाळात. असे ताणून घेतले की फार डोकं न लावता एका ठरावीक कृतीने सगळी चित्रं मिळतात. माझ्या उत्तराच्या कागदावर नऊ चित्रं होती. आठांचं वजन एक, नवव्याचं चार. बेरीज बारा.

उकाडा असा की फळ्याला हात लावला तरी गरम लागत होता. एसी पावणेदोनला बंद पडला होता आणि मी कार्यालयात जाऊन भांडून आलो होतो, म्हणजे डोकं आधीच तापलेलं. तीन गटांनी येऊन उत्तर सांगितलं, तिघांचीही नऊ चित्रं. चौथ्या वेळी ताई उठल्या. पिशवीतली फूटपट्टी घेऊनच उठल्या. वर्गात कुणीतरी खुसखुसलं.

त्यांनी आठ बिंदू मांडले आणि एकेक चित्र काढायला लागल्या. पट्टी लावून. पहिलं झालं, दुसरं झालं. प्रत्येकाखाली वजन लिहायच्या, एक, एक, एक. सातव्याला मी घड्याळ बघितलं. त्यांनी बिंदू कुठे मांडलेत, हे मी बघितलंच नाही. उत्तर मला माहीत होतं, मग बघायचं काय? नववं चित्र झालं, त्याखालीही एक लिहिला, आणि त्या फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात दहावं काढायला लागल्या.

"दहा?" मी म्हणालो.

त्या वळल्या. "हो सर. बिंदू मी जरा..."

"नऊ आहेत. एक दोनदा मोजलंय तुम्ही."

"नाही सर, ही वेगळी आहेत, बघा..."

मी पुढे गेलो, डस्टर उचललं आणि दहावं चित्र पुसून टाकलं. त्याचं वजन लिहायचं अजून राहिलं होतं. मग इंग्रजीत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, की फळ्यावर येण्याआधी आपापलं काम तपासून यावं, बाकीच्यांचाही वेळ आहे. मागे दोघे हसले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आपण कठोर नाही हेही दाखवायचं होतं मला, म्हणून हळूच मराठीत म्हणालो, "ताई, इतकं साधं कसं चुकलं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. खडू खाली ठेवला, ओढणीला हात पुसले आणि जागेवर जाऊन बसल्या. तास संपला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं, येते म्हणून सांगितलं. मलाही ते नेहमीसारखंच वाटलं.

तासाभराने सर बैठकीहून परतले. जिन्याखालच्या चहावाल्याकडे आम्ही दोघे उभे होतो, हातात मातीचे कुल्हड. सर म्हणाले, "तिघांपैकी एकाचं नाव द्यायचंय. बेहालाच्या बाईंचा अर्ज मला सगळ्यांत चांगला वाटला. तू त्यांना रोज बघतोस. कशा आहेत?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात तसं झालं. मी म्हणालो, "कष्टाळू आहेत. पण पाया कच्चा वाटतो. आज एक वक्ररेषा दोनदा मोजली आणि सांगितलं तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं."

सर 'आच्छा' म्हणाले. चहा संपवला, कुल्हड डब्यात टाकलं आणि मला एसीबद्दल विचारलं.

शुक्रवारी दुपारी समारोप झाला. सरांनी जागेसाठी नाव सांगितलं ते बर्दवानजवळच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या तरुणाचं. मुलगा हुशार होता, त्याच्याबद्दल तेव्हाही काही म्हणणं नव्हतं आणि आजही नाही. टाळ्या वाजल्या. ताईंनीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ. मग सगळ्यांचा फोटो झाला. ताई कडेला उभ्या राहिल्या. निघताना माझ्याकडे आल्या, "येते रे, खातपीत जा नीट," म्हणाल्या आणि एस्प्लनेडची बस पकडायला गेल्या. मला वाईट वाटलं, पण एखादा ओळखीचा माणूस सामना हरला की वाटतं तेवढंच.

शनिवारी सकाळी मी विद्यार्थ्यांनी दिलेले उत्तरांचे कागद घेऊन बसलो. प्रमाणपत्रं पाठवण्याआधी ते एकदा बघून ठेवायचे होते. ताईंचा गठ्ठा सगळ्यांत जाड. वरच्या कागदावर बारीक, नीटस अक्षरात इंग्रजीत एक टीप होती, तिचा मथितार्थ असा: दिलेले बिंदू माझ्या आलेखाच्या कागदावर मावत नाहीत, म्हणून त्यांतले तीन मी जवळ आणले आहेत. त्यामुळे नेहमीची कृती इथे चालणार नाही, सगळी चित्रं हाताने शोधली आहेत. प्रमेयानुसार बेरीज बदलू नये.

खाली दहा चित्रं होती. नऊ चित्रांचं वजन एक, आणि दहाव्याच्या मधोमध एक रुंद त्रिकोणी गाठ, तिचं वजन तीन. नऊ आणि तीन, बारा. बारावर त्यांनी दोनदा रेघ ओढली होती.

मी ते तपासायला बसलो. खरं सांगतो, त्यात चूक सापडावी अशी माझी मनापासून इच्छा होती. अडीच तास बसलो. कुठलं तरी एक चित्र दुसऱ्यासारखं निघेल, कुठे तरी एखादी काटकी बिंदू चुकवून गेली असेल. काही नव्हतं. जी गोष्ट कृतीने पाच मिनिटांत होते ती या बाईंनी कृती नसताना, नुसतं काढून आणि बघून केली होती. बिंदू हलले तर चित्रं नवाची दहा होऊ शकतात, हे मीच शिकवलं होतं. त्यांनी ते ऐकलं होतं. मीच माझं ऐकलं नव्हतं. बुधवारी आणखी एक मिनिट गप्प बसलो असतो तर त्यांनी दहाव्याखाली तीन लिहिले असते, आणि तीन दिसल्यावर मलाही कळलं असतंच. तेवढा मी मूर्ख नाही.

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं, चहावाल्याजवळ बोललो तेही चुकीचं होतं असं सांगितलं. मग सर म्हणाले, "बेरीज नाही बघितलीस?"

"नाही सर."

"यादी काल सही होऊन गेली. त्या मुलाला पत्रही गेलं. आता त्याच्याकडून काढून घेणं बरोबर नाही. त्या बाईंच्या घरी जा. त्यांना सांग काय झालं ते. आणि पुढच्या वर्षी अर्ज करायला सांग, माझा निरोप म्हणून. पुढची जागाही माझ्याकडेच आहे. त्यांचा अर्ज मी स्वतः बघेन."

रविवारी सकाळी मी बेहालाला गेलो. बसमध्ये उभ्याउभ्या काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. तीन गोष्टी सांगायच्या होत्या. तुमचं उत्तर बरोबर होतं. जागा गेली ती माझ्या बोलण्यामुळे गेली. पुढच्या वर्षी अर्ज करा, सरांनी सांगितलंय. तिन्ही मिळून मिनिटभराचं काम.

घर एका हार्डवेअरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. दार ताईंच्या यजमानांनी उघडलं. बनियनवर होते, मला बघून घाईघाईने शर्ट घालायला आत गेले. ताई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "अरे, फोन नाही करायचा? बस, बस. जेवूनच जायचं आता."

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "ताई, तुमची दहा बरोबर होती."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "बरोबर होती? सगळी?"

"सगळी. दहाव्याचं वजन तीन. मीच चुकलो. तुम्ही बिंदू हलवलेत ते मी बघितलंच नाही."

"अहो!" त्या आत वळून ओरडल्या. "अहो, ऐकलंत का, माझी दहा बरोबर होती!" यजमान शर्टाची बटणं लावत आले आणि काय ते न समजता हसले. ताईंनी हात धुतले, कपाटातून कागद काढले, जेवणाच्या टेबलावर पसरले. दहावं चित्र कसं सापडलं ते मला सांगायला लागल्या. तीन दिवस लागले होते. नऊ मिळाली तेव्हा बेरीज नऊच येत होती, म्हणून त्यांना कळलं की काहीतरी राहतंय. एका दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ते डोक्यात आलं, आणि मग शिट्ट्या किती झाल्या ते राहूनच गेलं. यजमान म्हणाले, "त्या दिवशी वरणाचा पार लगदा." ताई हसल्या. मी त्यांना दोन आठवड्यांत तशा हसताना बघितलं नव्हतं.

"मग बुधवारी सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. "नंतर तरी?"

"घरी येऊन पुन्हा तपासलं ना मी," त्या म्हणाल्या. "बारा येतच होते. पण म्हटलं, हा सांगतोय नऊ, म्हणजे नऊच असणार. माझंच कुठेतरी चुकत असेल. इतक्या वर्षांनी बसलं की स्वतःवर भरवसा राहत नाही रे."

मग ताटं वाढली. बटाट्याची भाजी, वरण, भात, काकडीची कोशिंबीर, आणि परवरांची गोडा मसाला घालून केलेली भाजी. "इथे राहून एवढं शिकले," म्हणाल्या, "परवर आपल्या मसाल्यात."

मी दुसरी गोष्ट बोलायला तोंड उघडलं होतं. पण ताईच बोलल्या.

"जागेचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला कारण माहितीये. वय. डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतील. तरुण पोरगा समोर असताना पंचेचाळिशीच्या बाईला कोण घेईल? सर सभ्य माणूस, बोलून नाही दाखवलं. आणि त्यांचं चूक आहे असंही नाही."

"ताई, तसं नसेल," मी म्हणालो.

"तसंच असतं रे. कालच आमचं ठरलं. यांना भोपाळ मिळणारसं दिसतंय, मीपण जाते. तीनदा करून बघितलं, आता बास. कुणाला दोष नाही. आपली वेळ गेली, एवढंच." त्यांनी यजमानांच्या ताटात भात वाढला. यजमान मान खाली घालून जेवत होते. "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. फळ्यावर असं होतंच. उलट एवढ्या उन्हातून तू सांगायला आलास. कोण येतं?"

"खरंय," यजमान म्हणाले. "असा माणूस मिळत नाही."

आता सांगायला हवं होतं. वय नव्हतं, ताई, मी होतो. तुमचा अर्ज सरांना सगळ्यांत आवडला होता. मी चहा पिता पिता एक वाक्य बोललो आणि तुमची जागा गेली. सर म्हणतात, पुढच्या वर्षी अर्ज करा. घासामागून घास गिळत मी ही वाक्यं तोंडात घोळवली. शेवटचं वाक्य तेवढं सांगावं असाही विचार केला. पण ते सांगितलं की ताई विचारणार, आता कसं काय, मग या वर्षी का नाही? आणि मग सगळंच सांगावं लागणार. चांगला माणूस म्हणून त्यांनी मला टेबलावर बसवलं होतं, आणि मला तिथून उठायचं नव्हतं. इतकी क्षुल्लक गोष्ट होती ती.

"पोळी देऊ?" ताईंनी विचारलं.

मी मान हलवली आणि पोळी घेतली.

जूनमध्ये ते भोपाळला गेले. मी सामान हलवायला मदत करायला गेलो होतो. त्यांच्या कागदांचा गठ्ठा कुठल्या खोक्यात गेला ते मी बघितलं नाही. ताईंचे मेसेज येत राहिले, दिवाळीला, संक्रांतीला. प्रत्येक वेळी उत्तर लिहिताना वाटायचं, आता लिहून टाकू. समोर तोंड नसताना काय अवघड आहे? शुभेच्छा लिहायचो आणि पाठवून द्यायचो.

पुढच्या मार्चमध्ये अर्धवेळ जागेचे अर्ज आले. सरांनी छाननीला मला बोलावलं. टेबलावर अकरा अर्ज होते. सरांनी ते सगळे एकदा चाळले, मग पुन्हा चाळले, आणि चष्मा काढला.

"त्या बाईंचा दिसत नाही," ते म्हणाले. "माझा निरोप दिला होतास ना?"

"त्यांची बदली झाली, सर. भोपाळला."

"अरेरे," सर म्हणाले. "बदलीच्या नोकरीत असंच होतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पहिला अर्ज माझ्याकडे सरकवला.